सिमला ऑफिसात सरळ रस्त्यानं कोणीच आलं नाही

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस नावाचा चौक आहे. मी पुण्यात नोकरीला आलो तेव्हा वाटलं, इथं हिमाचल टुरिझमचं ऑफिस असणार. ते तसं नाही. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय एकेकाळी सिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्यात आलं. पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते दिल्लीला गेलं. पण खात्याचं मोठं काम पुण्यातच राहिलं, आणि लोकांच्या तोंडी बसलेलं नावही. मनोऱ्याच्या त्या जुन्या इमारतीवरून मी चार वर्षं ये-जा केली. पावसाळ्यात 'यांना काही कळत नाही' असं मनात म्हटलं आणि पुढं गेलो.

गेल्या वर्षी मामाचा फोन आला. माझी मामेबहीण बारावी सायन्सला होती. 'ती काहीतरी हवामान शास्त्रज्ञ वगैरे म्हणतेय. तू इंजिनियर आहेस, जरा समजाव तिला.' समजाव म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कॉम्प्युटर घे, असं सांग. मी होकार दिला. मग तिचा मेसेज आला : 'दादा, बाबा काय म्हणाले ते सोड. त्यात जायला नक्की काय करावं लागतं ते सांग.'

कंपनीत नवीन टेक्नॉलॉजी शिकताना आम्ही रोडमॅप शोधतो : आधी हे, मग ते, शेवटी सर्टिफिकेट. मीही तसाच रोडमॅप काढायला बसलो. हवामानशास्त्रात नाव झालेली माणसं घ्यायची, त्यांनी काय शिकलं ते उलट दिशेनं मोजत जायचं, आणि समान धागा तिला पाठवून द्यायचा. एका संध्याकाळचं काम होतं. त्यात तीन महिने गेले, कारण समान धागा सापडेना.

सुरुवातीपासून बघू. १८७५ साली भारतात हवामान खातं स्थापन झालं. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हा भूगर्भशास्त्रज्ञ होता. तो भारतात आला तो दगड आणि खडकांचे थर तपासायला. त्यानंतर तो कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागला. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आदळलं, पाठोपाठ १८६६ला पाऊस रुसला आणि दुष्काळ पडला, तेव्हा सरकारला वाटलं की आकाशाचीही नोंद ठेवणारं कोणीतरी हवं. तयार हवामानशास्त्रज्ञ बाजारात मिळत नव्हते. जो निरीक्षणं नीट करायचा आणि हाताशी होता, त्याला घेतलं. पुढं याच माणसानं हिमालयातला बर्फ आणि मान्सून यांचा संबंध मांडला. हिमालयात बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा त्याचा कयास होता. जमीन वाचणाऱ्या माणसालाच हे सुचावं, यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

त्याहून नवल १९०४ साली आलेल्या माणसाचं. गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८८९ साली पहिला आलेला, ट्रिनिटी कॉलेजचा फेलो. बूमरँग कसं फिरतं याचं गणित मांडण्याचा त्याला नाद, म्हणून मित्र त्याला 'बूमरँग वॉकर' म्हणत. बासरीच्या रचनेतही त्याला रस होता. हवामानाचं शिक्षण? शून्य. आणि त्याला थेट भारतीय हवामान खात्याचं प्रमुखपद दिलं. आजच्या एचआरनं त्याचा रेझ्युमे पहिल्या फिल्टरलाच बाहेर टाकला असता.

त्याला आणण्यामागं कारण होतं. १८७७ला मान्सून फसला आणि लाखो माणसं मेली. १८९९ला पुन्हा फसला. हा छप्पनचा दुष्काळ. संवत १९५६ म्हणून छप्पन. मान्सून आधी कळला पाहिजे, हा सरकारसाठी महसुलाचा प्रश्न होता आणि लोकांसाठी जिवाचा. वॉकरनं पाहिलं की हवेची समीकरणं सोडवून हे आपल्या हयातीत होणार नाही. मग त्यानं गणितज्ञाला सुचेल तो मार्ग धरला. जगभरातून जिथून मिळेल तिथून दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे मागवायचे, आणि कुठला आकडा कुठल्या आकड्याबरोबर वर-खाली होतो ते बघायचं. आज हेच मी लॅपटॉपवर चार ओळींत करतो. त्याच्याकडं लॅपटॉपऐवजी भारतीय कारकुनांची फौज होती. ही माणसं दिवसभर कागदावर गुणाकार-भागाकार करत. त्या काळात 'कॉम्प्युटर' हा शब्द अशा माणसांसाठीच वापरला जायचा.

एक गंमत इथंच सांगून टाकतो. पुढं १९६०च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झनं हवामानाच्या छोट्या मॉडेलवरून 'केऑस' शोधला. फुलपाखराच्या पंखांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्याचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या दोन तरुणी होत्या, मार्गारेट हॅमिल्टन आणि तिच्यानंतर एलन फेटर. लॉरेन्झच्या १९६३च्या गाजलेल्या पेपरात फेटरचं नाव आहे, पण शेवटी, आभारात. हॅमिल्टननं पुढं अपोलो यानाचं सॉफ्टवेअर केलं, म्हणून तिचं नाव झालं. सिमल्याच्या कारकुनांच्या वाट्याला आभारही फार आले नाहीत. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळं हे मला जरा जास्तच लागतं.

वॉकरचं मुख्य काम, म्हणजे मान्सूनचा भरवशाचा अंदाज, जमलं नाही. त्याला सापडलं ते भलतंच : प्रशांत महासागरात दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो, आणि उलटंही. एक अवाढव्य झोपाळाच. १९२४ साली त्यानं त्याला 'सदर्न ऑसिलेशन' असं नाव दिलं. अनेकांनी नाक मुरडलं, कारण असं का होतं ते त्याला सांगता येत नव्हतं, नुसते आकडे होते. त्याच वर्षी तो निवृत्त झाला आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचा प्राध्यापक झाला. ज्या विषयाचा वर्ग त्यानं स्वतः कधी केला नव्हता, त्याचा. हे इम्पीरियल कॉलेज लक्षात ठेवा.

यानंतर मी जिच्यापाशी थांबलो ती बाई खरं तर हवामानाकडं यायलाच नको होती.

ॲना मणी. जन्म १९१८, त्रावणकोर संस्थानातलं पीरमेड. वडील सिव्हिल इंजिनियर, वेलदोड्याचे मळे, आठ भावंडांतली ही सातवी. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणं हिऱ्याच्या कुड्या आल्या, तर तिनं त्या नाकारून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. ही गोष्ट तिच्यावरच्या प्रत्येक लेखात असते आणि बहुतेक लेख तिथंच खूश होऊन संपतात. खरी गोष्ट पुढं आहे.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून तिनं १९३९ साली बीएस्सी ऑनर्स केलं, आणि १९४० साली शिष्यवृत्ती मिळवून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाली. (याच रामन यांनी १९३३ साली मुंबईच्या कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, बाई म्हणून प्रवेश नाकारला होता, आणि त्या हटून बसल्यावर अटी घालून दिला होता.) मणींना विषय मिळाला हिरे आणि माणकं. लहानपणी नाकारलेले हिरे आता तिच्या टेबलावर होते. त्यांच्यावर प्रकाश टाकायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट फोटोच्या काचेवर घ्यायचा. एकेका फोटोला पंधरा-वीस तास लागत. ती रात्री प्रयोगशाळेतच काढायची. १९४२ ते १९४५ या काळात एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध झाले. १९४५च्या ऑगस्टमध्ये तिनं मद्रास विद्यापीठाला पीएचडीचा प्रबंध दिला.

विद्यापीठानं पदवी नाकारली. कारण तिच्याकडं एमएस्सी नव्हती. ऑनर्स करून, शिष्यवृत्ती मिळवून, पाच निबंध छापून आलेल्या बाईला सांगितलं गेलं की मधली एक पायरी राहिली आहे. तो प्रबंध आजही बंगलोरला रामन इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांच्या शेजारी बांधून ठेवलेला आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यात आणि पीएचडी मिळालेल्या प्रबंधांत काही फरक दिसत नाही, असं विज्ञानाच्या इतिहासकार आभा सूर यांनी लिहिलं आहे.

त्याच सुमारास सरकारनं इंग्लंडमध्ये प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. मणींना भौतिकशास्त्रात जायचं होतं. जागा शिल्लक होती ती एकाच विषयात : हवामानाची उपकरणं. त्यांनी ती घेतली. युद्ध नुकतंच संपलं होतं. सैनिक नेणाऱ्या बोटीनं त्या इंग्लंडला गेल्या, आणि पोचल्या त्या इम्पीरियल कॉलेजात. वॉकर तिथून निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. पुण्याहून सरळ रेष काढली असती तरी इतकी जुळली नसती.

१९४८ साली त्या परतल्या आणि पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. म्हणजे माझ्या चौकातच. तोवर साधे तापमापकही बरेचसे इंग्लंडहून यायचे. एस. पी. वेंकटेश्वरन या विभागप्रमुखांना ती उपकरणं इथं बनवायची होती. १९५३ साली मणी स्वतः विभागप्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष. पावसाचं, वाऱ्याचं, दाबाचं, उन्हाचं मोजमाप करणाऱ्या सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले आणि उत्पादन सुरू करवलं.

हे वाचायला कंटाळवाणं वाटतं, याची मला कल्पना आहे. पण सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. रत्नागिरीचं पर्जन्यमापक एका मापाचं आणि नागपूरचं दुसऱ्या मापाचं असेल, तर दोन्हीकडचे आकडे एका टेबलात घालता येत नाहीत. घातले तर मॉडेल गुपचूप खोटं बोलू लागतं, आणि कुठं खोटं बोलतंय ते कधीच कळत नाही. चुकीच्या मोजणीपेक्षा मोजणीच नसलेली बरी, हा मणींचा आग्रह होता. मी ज्या चुका शोधत रात्री जागतो त्यातल्या निम्म्या याच जातीच्या असतात.

मला आणखी एक गोष्ट वाटते, आणि हे माझं मत आहे. मणींनी आयुष्यभर जे मोजलं, ते बघा. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौरप्रारणाची, म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या उन्हाची, मोजणी करणारी केंद्रं उभी केली. १९६३ साली विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून थुंबा इथं, जिथून भारताचे पहिले अग्निबाण उडाले, तिथं हवामानाची वेधशाळा उभी केली. फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजणारं भारतीय उपकरण त्यांच्याच विभागात तयार झालं. १९७६ साली खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्यावर भारतातल्या सौरप्रारणावर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले, आणि नंतर देशभर वाऱ्याची मोजणी करून पवनचक्क्या कुठं लावाव्यात याचा पाया घातला. ऊन, ओझोन, ऊन. हिऱ्यातून येणाऱ्या प्रकाशासाठी पंधरा-पंधरा तास डोळे लावून बसलेली बाई शेवटपर्यंत प्रकाशच मोजत होती. विषय बदलला, सवय नाही बदलली.

इथवर लिहून मी बहिणीला पहिला लांब मेसेज पाठवला. सूर साधारण असा : बघ, दरवाजा बंद झाला म्हणून केवढं चांगलं झालं! पाठवला आणि रात्री डिलीट केला. कारण तोवर मी दुसरं एक नाव वाचलं होतं. सुनंदाबाई. मणींच्याच काळात, त्याच प्रयोगशाळेत, तितकंच काम केलेल्या. त्यांनाही पीएचडी मिळाली नाही. पुढच्या संशोधनासाठी परदेशी जाण्याच्या बेतात असताना, ऐन तरुण वयात त्यांचं आयुष्य संपलं. त्यांच्यावर वाढदिवसाला कोणी डूडल करत नाही. बंद दरवाज्याचं कौतुक फक्त पलीकडं खिडकी सापडलेल्यांच्या गोष्टीत होतं. बाकीच्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत येत नाहीत. एमएस्सीची ती अट चुकीची होती, आणि मणी मोठ्या झाल्यामुळं ती बरोबर ठरत नाही.

रामन यांच्याकडूनच हवामानाकडं वळलेले आणखी एक जण म्हणजे पी. आर. पिशारोटी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे हे गृहस्थ १९४२ साली हवामान खात्यात आले. पुढं कॅलिफोर्नियात जेकब ब्येर्कनेस यांच्याकडं त्यांनी डॉक्टरेट केली. (या सगळ्या यादीत सरळ रस्त्यानं आलेला हा ब्येर्कनेस एकटाच. वडील विल्हेल्म ब्येर्कनेस आधुनिक हवामान अंदाजाचे एक जनक. दुकान वडिलांचंच.) पिशारोटी मुंबईच्या कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांचे संचालक झाले, आणि १९६२ साली पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानासाठी संस्था सुरू झाली, तिचे पहिले संचालक. आज आपण जिला आयआयटीएम म्हणतो, पाषाणची, ती हीच. ती मार्गी लागल्यावर ते पुन्हा वळले, अहमदाबादला गेले, आणि तिथं रिमोट सेन्सिंगला हात घातला. १९७०च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे इन्फ्रारेड फोटो घेऊन रोगट झाडं ओळखण्याचा प्रयोग त्यांचाच. भारतातल्या रिमोट सेन्सिंगचे जनक म्हणून आता त्यांचं नाव घेतात.

आणि त्यांचे गुरू ब्येर्कनेस? त्यांनी १९६९ साली वॉकरचा झोपाळा आणि पेरूच्या किनाऱ्यावरचं गरम पाणी, म्हणजे एल निनो, हे एकाच यंत्राचे दोन भाग आहेत, असं दाखवून दिलं. विषुववृत्तावरच्या त्या हवेच्या चक्राला त्यांनी नाव दिलं 'वॉकर सर्क्युलेशन'. वॉकर १९५८ सालीच वारला होता. आज एप्रिल आला की टीव्हीवर एल निनो, एल निनो चालतं, त्याच्या मुळाशी सिमल्याच्या कारकुनांनी कागदावर केलेली बेरीज-वजाबाकी आहे.

शेवटचं नाव आपल्या गावचं. सुलोचना गाडगीळ, माहेरच्या फाटक, जन्म १९४४, पुणे. शिक्षण गणिताचं, हार्वर्डची पीएचडी समुद्रातल्या प्रवाहांवर. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच खोलीतून. १९७१ साली त्या परतल्या, काही काळ आयआयटीएममध्ये होत्या, आणि १९७३पासून बंगलोरला. शाळेत आपण शिकतो की उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून वारे जमिनीकडं येतात आणि मान्सून होतो. ही कल्पना एडमंड हॅलीनं १६८६ साली मांडली. हॅली म्हणजे धूमकेतूवाला. १९८० साली डी. आर. सिक्का आणि गाडगीळ यांनी उपग्रहांची रोजची चित्रं तपासून दाखवलं की भारतावरचा मान्सूनचा ढगांचा पट्टा हा विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्याचाच उत्तरेकडं सरकलेला भाग आहे. अवाढव्य खारे वारे एवढ्यानं काम भागत नाही. भाजून काढणारी जमीन असलेल्या दुष्काळी वर्षांत पाऊस जास्त का पडत नाही, हा साधा प्रश्न जुन्या कल्पनेला सुटत नव्हता.

पुढं त्यांनी जे केलं ते मला जास्त आवडतं. अनंतपूरच्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून त्यांनी पेरणी कधी केली तर नुकसानीचा धोका कमी, याचं गणित केलं. मान्सून सरासरीच्या किती टक्के, या आकड्याचा शेतकऱ्याला काय उपयोग? त्याला कळायला हवं की या आठवड्यात पेरू की थांबू. माझ्या मामाचंही सोयाबीन आहे, आणि दर जूनला त्याचा हाच प्रश्न असतो. पोरीला हे खूळ कुठून लागलं, याचं उत्तर त्याच्या बांधावरच होतं, फक्त त्याला ते दिसत नव्हतं.

आता रस्ते आहेत, हे मी तिला लिहिलं. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे. आयआयटी दिल्लीत, बंगलोरच्या आयआयएस्सीत केंद्रं आहेत. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटच्या भरतीत फिजिक्सची बीएस्सी चालते, कॉम्प्युटरची पदवीही चाललेली आहे. पाषाणला 'अर्क' नावाचा सुपरकॉम्प्युटर आहे, आणि त्याच्यावरची मॉडेलं चालवायला माझ्यासारखे लोक लागतात. कुठल्या जाहिरातीत काय अट आहे ते नीट वाच, असंही लिहिलं. मी स्वतः एका प्रोजेक्टच्या जागेसाठी अर्ज करायला गेलो होतो. पदवीच्या रकान्यात माझी शाखा नव्हती. हे तिला लिहिलं नाही, फोनवर सांगितलं. ती हसली. 'म्हणजे तुझी पण मधली पायरी राहिली,' म्हणाली.

मामाला मी फोन केला आणि त्यानं सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'पुण्यात असेल तर ठीक आहे. तू आहेस तिथं.'

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी तिनं स्क्रीनशॉट पाठवला. पहिल्या पसंतीला फिजिक्स. दुसरीला कॉम्प्युटर, बाबांसाठी. तिसरीला गणित. ते मी सुचवलं नव्हतं.